सहलीत लेकराची झोप: दुपारची आणि रातची

मानोरा तालुक्यात बचत गटांच्या समन्वयाचं काम करणाऱ्या आम्ही ताया आज जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहोत. हप्ता, व्याज, नोंदवही हे तर आपलं दर महिन्याचं आहे. आजचा विषय आहे झोप. आपली नव्हे, ती आपल्याला कुठे मिळते! लेकरांची झोप, आणि तीही घरची नाही, सहलीतली.

विषय निघाला एका मासिक सभेत. सोयाबीन घरात आलं होतं, तूर सोंगायला अवकाश होता. गटानं ठरवलं, शेगावला जायचं. पहिल्या दिवशी दर्शन, एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी आनंद सागर. नावं लिहायला घेतली तशा एक काकू म्हणाल्या, "ज्याइचं लेकरू लहान हाये त्याइनं या खेपीले घरीच रायलेलं बरं. मांगच्या वेळी काय झालं ते पायलं ना?"

सगळ्या गप्प झाल्या. गटात तीन वर्षांच्या आतलं लेकरू असलेल्या पाच जणी होत्या. त्यातल्या एकीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत माहेर आणि दवाखाना सोडून ती कुठंच गेली नव्हती. सहलीसाठी महिन्याला वेगळे पैसे टाकत होती, ते मात्र न चुकता. ती काही बोलली नाही. मांडीवरच्या लेकराच्या टोपीची नाडी बांधत अन् सोडत बसली.

आता मागच्या वेळी काय झालं होतं ते सांगतो. मार्च संपता संपता आम्ही एका दिवसात शेगाव आणि आनंद सागर उरकायचं ठरवलं होतं. मुक्कामाचे पैसे वाचावे म्हणून. पहाटे तीनला गाडी निघाली, म्हणजे लेकरं अडीचला उठवली. मंगरुळपीर, बार्शीटाकळी, अकोला करत सकाळी पोचलो. रांगेत उभं राहिलो. दर्शन झालं, प्रसाद झाला, आणि डोक्यावर ऊन आलेलं असताना थेट आनंद सागरला गेलो. तेव्हा तिथं छोटी आगगाडी सुरू होती. लेकरं टाळ्या वाजवत बसली, आणि आम्हाला वाटलं, बघा, किती मजेत आहेत, कुणाला झोप आठवत पण नाही! चार वाजता सगळं फिसकटलं. दोन वर्षांचा एक पोरगा जमिनीवर अंग टाकून द्यायला लागला. एका मुलीनं आईच्या तोंडावर चापट मारली. एकीचं लेकरू काय दिलं तरी फेकत होतं. म्हाताऱ्या म्हणाल्या, नजर लागली. परतीच्या गाडीत रडणं थांबेना तेव्हा कुणीतरी पिशवीतून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली. "अर्धं झाकण दे, झोपते मंग." त्या माउलीनं दिलं. तासाभरानं लेकरू इतकं ढिलं पडलं की पाण्यालाही डोळे उघडेना. रस्त्यात दवाखाना गाठला, डॉक्टरांनी रात्रभर नजरेखाली ठेवलं. सकाळी ते हसलं तेव्हा कुठं आमच्या जिवात जीव आला.

यात चूक लेकरांची नव्हती आणि त्या आईची तर नव्हतीच. वेळापत्रक आम्ही केलं होतं. म्हणून या वेळी काकूंना आम्ही म्हटलं, आया घरी राहणार नाहीत, वेळापत्रक बदलेल. आणि मग आरोग्य सेविका ताई, अंगणवाडीच्या ताई यांच्याशी बसून नीट समजून घेतलं. जे समजलं ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, लहान लेकराला झोप लागते किती? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सांगितलेलं माप असं आहे: एक ते दोन वर्षांच्या बाळाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास, आणि तीन ते चार वर्षांच्याला १० ते १३ तास. यात दुपारची झोप धरलेली आहे. वर्षाचं बाळ दिवसातून दोनदा झोपतं. दीड वर्षाच्या आसपास दोनाची एक होते, आणि ती एक बहुतेक मुलांमध्ये तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान कधीतरी सुटते. म्हणजे दोन वर्षांचं लेकरू रात्री दहा तास झोपत असेल तर दुपारचे दीड-दोन तास त्याला हवेच आहेत. ते लाड नाहीत, जेवणासारखी गरज आहे. दुपारचं जेवण चुकवून लेकराला आपण आगगाडीत बसवत नाही, पण दुपारची झोप चुकवून बसवतो.

दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे, कारण आम्ही सगळ्याच इथं फसलो होतो. दमलेलं मोठं माणूस गप्प होतं, डोळे मिटतं. दमलेलं लेकरू उलट नाचतं. जागं राहण्याचा वेळ जसा वाढतो तसा झोपेचा दाब अंगात साचत जातो. धरणात पाणी साचावं तसा. तो दाब पुरेसा झाला की झोपेचं दार उघडतं, डोळे चोळणं, कान ओढणं, एका जागी टक लावून बसणं सुरू होतं. ते दार थोडाच वेळ उघडं असतं. त्या वेळात झोपवलं नाही तर शरीर जागं राहण्यासाठी स्वतःच जोर लावतं, अंगात उत्तेजना आणणारे रस सोडतं. मग लेकरू पळतं, खिदळतं, आणि आपण म्हणतो याला झोपच नाही. खरं तर त्याची झोपेची वेळ तासापूर्वी निघून गेलेली असते. यापुढे ते झोपतं ते रडून, आणि रात्रीही दचकून उठतं.

हे दचकणं वेगळं सांगायला पाहिजे. फार थकलेलं लेकरू कधी कधी रात्रीच्या पहिल्या दोन-तीन तासांत एकदम किंचाळून उठतं, डोळे उघडे असतात, पण आईला ओळखत नाही, जवळ घेतलं तर ढकलतं. पाच-दहा मिनिटांनी आपोआप झोपतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. ही गाढ झोपेतली अर्धवट जाग आहे. त्याला हलवून उठवू नका, तोंडावर पाणी मारू नका, पडणार-लागणार नाही एवढं बघा आणि जवळ बसा. तुमचं मीठ-मोहरी ओवाळायचं असेल तर ओवाळा, आमचं काही म्हणणं नाही, पण दुसऱ्या दिवशी लेकराला दुपारी झोपवा. वारंवार व्हायला लागलं, किंवा अंग ताठ होऊन झटके आले, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं.

आता सहलीचं. या वेळी आम्ही काय केलं ते सांगतो, त्यातलं काय जमलं नाही तेही.

निघायची वेळ पहाटे तीनची काढून सकाळी सातची केली. लेकरं आपल्या वेळेला उठली, खाऊन, शी-शू करून गाडीत बसली. साडेतीन तासांच्या प्रवासात दोघंजण मध्ये डुलकी घेऊ लागले. इथं एक बारकी गोष्ट आहे. सकाळी दहा वाजता गाडीत अर्धा तास डोळा लागला तर दुपारची मोठी झोप पळते. म्हणून दोन वर्षांच्या पुढच्यांना आम्ही सकाळच्या प्रवासात गाणी म्हणत, खिडकीतली बैलं मोजत जागं ठेवलं. दीड वर्षाच्या खालचं जे होतं त्याला झोपू दिलं, त्याला दोन झोपा लागतातच. एस. टी. नं जात असाल तर लक्षात ठेवा, पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही, पण तिकीट नाही म्हणजे जागाही नाही. झोपलेलं लेकरू मांडीवरच येतं. दोन-अडीच वर्षांचं लेकरू दोन तास मांडीवर घेऊन पाय बधिर होतात. म्हणून शेजारी अशी मैत्रीण बसवा जिचं लेकरू मोठं आहे, ती अर्धा वेळ घेईल. आणि झोपलेल्याचं डोकं, हात खिडकीबाहेर जात नाही ना, हे दर थोड्या वेळानं बघा.

पोचल्यावर आम्ही आधी दर्शनाला गेलो नाही. यावरून गाडीतच वाद झाला. "देवाच्या दारी आलो अन् आधी झोपाचं?" असं एक आजी म्हणाल्या. त्यांचं म्हणणं आम्हाला समजत होतं. शेवटी ठरलं ते असं, की ज्यांना लेकरं नाहीत त्यांनी रांगेत लागायचं, आणि आयांनी मुक्कामाच्या खोलीवर जाऊन मुलांना जेवू घालून झोपवायचं. साडेबारा ते अडीच. तीन वाजता ताजी लेकरं घेऊन आया दर्शनाला गेल्या. गर्दी जास्त असेल आणि लेकरू कडेवर असेल तर शेगावला श्रीमुख दर्शनाची वेगळी, लवकर सरणारी रांग असते, तिची चौकशी करा. त्या आजी नंतर स्वतःहूनच म्हणाल्या, की लेकरू रडत असलं की आईचे हात जोडले जातात, मन कुठं जोडलं जाते.

खोली मिळाली नसती तर? आपल्याच तालुक्यातलं पोहरादेवी आठवा. रामनवमीच्या यात्रेला कुठून कुठून बंजारा समाजाच्या बाया लहान लेकरं घेऊन येतात. चैत्राचं ऊन. आम्ही दरवर्षी पाहतो, जाणत्या बाया सकाळीच दर्शन उरकतात आणि दुपारी झाडाला झोळी बांधून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली सावलीत गोधडी टाकून लेकराला निजवतात. आजूबाजूला वाजंत्री चालू, आकाशपाळण्याचा भोंगा चालू, तरी ते लेकरू झोपतं. का झोपतं? कारण झोळी घरचीच, गोधडी घरचीच, आणि थोपटणारा हात रोजचा. लेकराची झोप जागेवर कमी आणि सवयीवर जास्त अवलंबून असते. म्हणून पिशवीत नवीन कपडे एक जोड कमी घ्या, पण ज्या दुपट्याला किंवा आईच्या ज्या जुन्या लुगड्याला धरून ते झोपतं ते न धुता घ्या. न धुता म्हणतो ते मुद्दाम. त्याला घरचा वास असतो.

झोळी बांधताना फांदी ओढून बघा, गाठ दोनदा बघा, आणि लेकराचं तोंड उघडं ठेवा. ऊन लागू नये म्हणून तोंडावर जाड कापड टाकायची आपल्याकडे सवय आहे. आत हवा कोंडते, लेकरू घामाघूम होतं. सावली वरून करायची, तोंड झाकून नाही. आणि झोपलं आहे म्हणून लेकराला बंद गाडीत ठेवून कुणीही उतरू नये, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढतं. आपल्या वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात त्याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. शक्यतो अशी सहल उन्हाळ्यात काढूच नका. दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंतचे दिवस बरे.

चहा! हे सांगायचं राहत होतं. गाडी थांबली की आपण चहा घेतो आणि बशीतला घोटभर लेकराला बिस्कीट बुडवून देतो. थांबे चार झाले की लेकराच्या पोटात चार वेळा चहा जातो. मोठ्या माणसाची झोप चहानं उडते, तर दहा-बारा किलोच्या जिवाची नाही उडणार? दोन दिवस सहलीत तरी लेकराला चहा बंद ठेवा. दूध द्या, केळं द्या, ताक द्या. या वेळी आमच्यात जी मुलगी रात्री अकरापर्यंत टक्क जागी होती, तिला तिच्या आजीनं संध्याकाळी सहाला अर्धा कप पाजला होता. आजींनी ते दुसऱ्या दिवशी कबूल केलं.

आता औषधाचं, कारण तिथूनच हे सगळं सुरू झालं. लेकरू झोपावं म्हणून कोणतंही औषध द्यायचं नाही. सर्दी-खोकल्याच्या औषधात गुंगी आणणारे घटक असतात, त्यानं लेकरू झोपत नाही, गुंगतं, आणि त्याचा श्वास मंद होऊ शकतो. सर्दीच्या औषधातलं एक नेहमीचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्र सरकारच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात कळवलं. २०२५ मध्ये मध्यप्रदेशात छिंदवाडा भागात दूषित खोकल्याच्या औषधानं लहान मुलं दगावली. ती बातमी तुम्ही ऐकलीच असेल, छिंदवाडा काही आपल्यापासून लांब नाही. त्यानंतर दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची-सर्दीची औषधं देऊच नयेत, असं केंद्राच्या आरोग्य विभागानं पुन्हा बजावलं. आपल्या आजी-पणजीच्या काळी शेतावर जाताना लेकराला अफूची गोळी चाटवायचे, ते आपण सोडलं. बाटलीवर छापील नाव आहे म्हणून तीच गोष्ट पुन्हा करायची का? प्रवासात उलटीचा त्रास होत असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा, शेजारणीला नको. लेकरू हाक मारून, हलवून उठत नसेल तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा.

रात्रीचं बोलू. मुक्कामाला एका खोलीत आम्ही पाच आया, पाच लेकरं आणि दोन आज्या. एवढी माणसं एका ठिकाणी आली की गप्पा रंगणारच, दिवा चालू राहणारच. लेकराच्या डोक्यात एक घड्याळ असतं, ते उजेड-अंधारावर चालतं. अंधार पडला की शरीर झोपेची तयारी करतं, उजेड आणि मोबाइलचा पडदा त्या तयारीत मोडता घालतो. म्हणून आम्ही साडेआठला खोलीतला मोठा दिवा बंद केला आणि ज्यांना गप्पा मारायच्या त्यांनी बाहेर ओसरीत बसायचं, असं ठरवलं. आळीपाळीनं दोघी आत, बाकीच्या बाहेर. घरी ज्या क्रमानं झोपवता तोच क्रम तिथंही ठेवायचा. आमच्याकडे सगळ्यांचा मिळून झाला तो असा: जेवण, कोमट पाण्यानं हात-पाय धुणं, कपडे बदलणं, शू, मग एक गोष्ट आणि थोपटणं. वीस मिनिटांचं काम. घरी लेकरू नऊला झोपत असेल तर सहलीत साडेनऊ-दहा होईल, त्यात बिघडत नाही. बारा झाले तर दुसरा दिवस गेला. मच्छरदाणी आणि अंथरुणाखाली टाकायला प्लास्टिकचा कागद न विसरता न्या. घरी अंथरूण ओलं न करणारंही नव्या जागी करतं, त्यावरून त्याला सगळ्यांसमोर लाजवू नका.

हे सगळं करूनही एक लेकरू त्या रात्री दोनदा उठलं आणि त्यानं बाकी दोघांना उठवलं. होतं असं. पाच जणी असल्या की निदान एकीला पुढची झोप मिळते.

दुसऱ्या दिवशी आनंद सागर. सकाळी नऊच्या सुमाराला आत गेलो. मध्ये काही वर्षं आनंद सागर बंद होतं, आणि पूर्वीचं सगळंच आता सुरू असेल असं धरून चालू नका. काय चालू, किती वाजता, हे निघायच्या आधी विचारून घ्या. लेकरांना मात्र आगगाडीच लागते असं नाही. त्यांना पाणी दिसलं, मासे दिसले, पळायला मोकळी वाट मिळाली की झालं. आम्ही त्यांच्या चालीनं चाललो. जे मोठं बघायचं ते सकाळच्या पहिल्या दोन-अडीच तासांत बघितलं आणि साडेअकराला जेवायला बाहेर. परतीची गाडी मुद्दाम साडेबाराची ठेवली होती, दुपारच्या झोपेच्या वेळेवर. अकोला यायच्या आत पाचही लेकरं झोपली होती. बाया गाणी म्हणत होत्या तरी.

कुणी म्हणेल, आमची सहल तर खोपोलीच्या इमॅजिकासारख्या मोठ्या पार्कात आहे, तिथं तिकीट महाग, साडेअकराला कसं निघायचं? बरोबर आहे. तिथं दिवसभराचे पैसे भरलेले असतात. मग दुपारी आतच एक सावलीची, आवाजापासून दूरची जागा सकाळी येताच हेरून ठेवा. दोघी-दोघींची जोडी करा. एक दोन्ही लेकरांजवळ बसेल, दुसरी पाळण्यात बसून येईल, मग उलट. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते, लहान लेकराला तिथं घेतच नाहीत, तेव्हा रांगेत त्याला दोन तास धरून उभं राहण्यात काही अर्थ नाही. आणि झोपून उठल्यावर लगेच पाळण्यात बसवू नका. पंधरा-वीस मिनिटं, पाणी, थोडं खाणं, मग. उंच-सखल गर्दीत झोपाळलेलं लेकरू हाकेला ओ देत नाही आणि चुकलं तर नावही सांगत नाही, म्हणून त्याच्या आतल्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवाच.

दुपारी झोपलंच नाही तर काय, असा प्रश्न गटात आला होता. तर मारून-मुटकून झोपवू नका. अर्धा तास सावलीत आडवं करा, डोळे मिटले नाही तरी अंगाला विसावा मिळतो. संध्याकाळी पाच-साडेपाचला डुलायला लागलं तर मात्र पंधरा-वीस मिनिटांत उठवा, नाहीतर रात्री दहाला सकाळ होते. त्या रात्री त्याला तासभर आधी, सात-साडेसातलाच निजवलं तर भरून निघतं.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस लेकरू किरकिर करेल. सासूबाई म्हणतील, फिरवून आणलं अन् आजारी पाडलं. ताप नसेल, खात-पीत असेल तर ते आजारी नाही, त्याचं घड्याळ परत जागेवर येत आहे. सकाळी रोजच्या वेळेलाच उठवा, उन्हात खेळू द्या, दुपारची झोप चुकवू नका, तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाडी रुळावर येते. धुणं, स्वयंपाक आणि साचलेलं काम त्या दोन दिवसांत आईच्या एकटीवर पडू नये एवढं घरच्यांनी बघितलं तर फार बरं होईल, हेही या निमित्तानं रेडिओवरून सांगून टाकतो. घरातली पुरुष माणसं ऐकतच असतील.

ती चार वर्षांनी घराबाहेर पडलेली आमची मैत्रीण परतीच्या गाडीत खिडकीजवळ बसली होती. लेकरू काकूंच्या मांडीवर झोपलं होतं. हो, त्याच काकू. बाळापूर गेलं, अकोला गेलं, ती बाहेरच बघत होती. बार्शीटाकळीला काकूंनी तिला हलवून विचारलं, "पोहरादेवीले येतं का वं रामनवमीले? लेकराले मी घेतो."

तिनं वहीत नाव लिहायला सांगितलं आहे.